नारबोदला सांगितलेलं नाव

आमच्या घरी सकाळ ढेकीच्या आवाजानं व्हायची. ढेकी म्हणजे धान कांडायचं लांब, जड लाकूड; मागचं टोक पायानं दाबलं की पुढचं वर उठतं आणि पाय काढला की खळग्यातल्या धानावर आपटतं. माय मागं उभी राहून पाय द्यायची. मी पुढं उकिडवी बसून, लाकूड वर असेल तेवढ्या वेळात हात घालून धान सारायची. हात चुकला तर बोटं गेलीच. पण माय माझ्याकडे न बघता माझा हात कुठं आहे ते ओळखायची, आणि मला तिच्या पायाचा असा काही भरवसा होता की मी अर्धवट झोपेतसुद्धा धान सारलं आहे. ती कांडताना तोंडातल्या तोंडात काही गुणगुणायची. त्याला शब्द नव्हते. निदान मला तरी कधी कळले नाहीत, आणि विचारायचं राहून गेलं. आता गोंदियाजवळ कुडव्याला मुलाच्या घरी मिक्सर लावला की सून म्हणते, आई, कान झाकून घ्या, आवाज होतो. मी म्हणते, लाव बाई, मला आवाजच हवा असतो.

बाबूजी गोंदियाकडच्या गोरेगावपासून पायी जाण्याच्या अंतरावर एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, मास्तर होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याची नातवंडं गोंदियात आहेत, चांगली आहेत, बाजारात दिसली तर वाकून नमस्कार करतात. एक खोली, एक मास्तर आणि चारही इयत्ता अशी ती शाळा, आणि शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आमचं घर. त्यामुळे वर्गातले पाढे आमच्या स्वयंपाकघरात यायचे आणि आमच्या फोडणीचा वास वर्गात जायचा. फोडणीचा वास आला की पाढे बिघडतात अशी बाबूजींची तक्रार असे. माय म्हणायची, "मंग पोट्ट्याइले भूक लागाच्या आंधी शिकवत जा ना."

बाबूजी हळू बोलणारे, खाली बघून चालणारे. पोरांना त्यांनी कधी मारलं नाही. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि 'कायम' हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा. कायम झालो की मायला चांगलं लुगडं, कायम झालो की घरावर नवी कवेलू, कायम झालो की इंदूला, म्हणजे मला, गोंदियाच्या शाळेत. माझा भाऊ गोपाळ तेव्हा जेमतेम नीट बोलायला लागला होता. त्याला वाटायचं कायम नावाचा कोणी पाहुणा येणार आहे. तो दारात बसून वाट बघायचा.

कायम करणं किंवा न करणं हे डिप्टी साहेबांच्या हातात होतं. डिप्टी साहेब म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. ते दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसून यायचे, मागून त्यांचा चपराशी बद्री सायकलवर. साहेब उंच, गोरे, आवाज मधाळ. ते कधी कुणावर ओरडले असं मी ऐकलं नाही, त्यांना तशी गरजच पडत नसे. कुणा मास्तरची म्हैस त्यांच्या गोठ्यात बांधलेली होती, कुणी मास्तर पावसाळ्याआधी त्यांच्याकडे सरपण टाकून यायचा, कुणी आपल्या शेतातला चिन्नोर पोचवायचा. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. शिजायला लागला की तीन घरांपलीकडे कळतं. हे सगळं इतकं रोजचं होतं की त्याला कुणी नाव ठेवत नव्हतं. मास्तर एकमेकांना भेटले की 'तुमच्याकडून काय गेलं?' असं विचारायचे, लग्नातल्या आहेराबद्दल विचारावं तसं.

आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. म्हैस नव्हती, शेत नव्हतं. होती ती मायच्या हाताची चव. पावसाळा लागतानाची गोष्ट. साहेब तपासणीला आले आणि आमच्याकडे जेवले. मायनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या होत्या. कोवळी पानं धुऊन, त्यांवर वाटलेल्या डाळीचा हात फिरवून, गुंडाळून, वाफवून, मग कापून आंबट कढीत सोडलेल्या. साहेब बाहेरच्या ओसरीवर पाटावर बसले. बाबूजी उभे राहून वारा घालत होते, मी दाराआड. साहेबांनी वडी घेतली, परत घेतली, मग बोटं चाटत म्हणाले, "मास्तर, तुमच्या मंडळींच्या हाताला चव आहे हो." बाबूजींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं झालं, आज कायम होणार.

हात धुताना साहेब म्हणाले, "आमच्या मंडळींचं पहिलंच बाळंतपण आहे. त्यांना आई नाही. तुमच्या मंडळींना पंधरा-वीस दिवस पाठवून द्या आमच्याकडे. घरच्यासारखं होईल." मग पान खाताना आठवल्यासारखं करून, "तुमचे कायम व्हायचे कागद माझ्याच टेबलावर आहेत ना?"

"हो साहेब," बाबूजी म्हणाले. ते कशाला हो म्हणाले हे त्या वेळी मला कळलं नाही. मायला कळलं. ती चुलीपाशी उरलेल्या वड्या कढीतून काढून आमच्या ताटात वाढत होती, तिचा हात तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी बद्री दमणी घेऊन आला. मायनं एक लुगडं गाठोड्यात बांधलं. गोपाळला शेजारच्या भागरताच्या कडेवर दिलं. भागरता ढिवराची बाई, तळ्यातले मासे आणि शिंगाडे विकायची, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "कायले जातं वं? त्याच्या घरी बाया नाईत का गोंदियात?"

"पंधरा दिवस म्हन्जे काई जास्ती नोहोय," माय म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "गोप्याले अंधार पडाच्या आंधी जेऊ घालजो. बाबूजीइले ताक देजो. आन् मी येवापावतर ढेकीले हात लावू नोको, बाई. दुसऱ्याच्या पायाचा भरोसा नाई."

ढेकी बंद झाली. आमच्याकडे तांदूळ संपला तसा बाबूजींनी गिरणीतला आणला, पांढरा, गुळगुळीत, बेचव. ते स्वतः भात रांधायचे. कधी कच्चा, कधी खाली लागलेला. करपलेला भाग ते स्वतःच्या ताटात घ्यायचे आणि मला करपलेलंच आवडतं म्हणायचे. गोपाळ मायच्या जुन्या लुगड्याचा एक पदर तोंडात धरून झोपायचा. रोवणीचे दिवस होते. सगळ्या बांध्यांमध्ये बाया चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत गाणं जात होतं. गाण्याचा आवाज आला की गोपाळ उठून धावायचा. त्याला वाटायचं त्या वाकलेल्या बायांमध्ये एक माय आहे, पाठ दिसते पण तोंड दिसत नाही एवढंच. मी त्याला ओढून आणायची. एकदा मी ओढलं नाही, त्याच्याबरोबर गेले आणि सगळ्या बायांची तोंडं पाहून आले. इतकी वर्षं झाली, पण आजही धानाची बांधी दिसली आणि त्यात बाया वाकलेल्या असल्या की बस पुढं जाईपर्यंत माझी नजर त्यांच्यावरून हलत नाही.

पंधरा दिवस झाले, वीस झाले, बाळ झालं. मुलगा. बद्रीनं पेढे आणले आणि निरोप, "अभी नहीं मास्तरजी, बाईसाहेब अभी उठी नहीं." बाबूजींनी पेढे घेतले. एका रविवारी त्यांनी आम्हाला नवे कपडे घातले, गोपाळला खांद्यावर घेतलं आणि गोरेगावला येऊन आम्ही मोटारीनं गोंदियाला गेलो. गिरण्यांची धुरांडी, कोंड्याचा वास, सगळीकडे हिंदी. एरवी मी नुसती बघत राहिले असते. त्या दिवशी मला काहीच दिसत नव्हतं.

साहेबांच्या बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात बाबूजी थांबले. बद्रीनं आम्हा दोघांना मागच्या दाराला नेलं. माय आली. ती वाळली होती. तिनं गोपाळला असं घट्ट धरलं की तो घाबरला. तिच्या हातांना तेलाचा, ओव्याच्या धुरीचा वास येत होता, लहान बाळाच्या अंगाला येतो तो वास, आणि तो आमचा नव्हता. तिनं पदराच्या गाठीतून करंजी काढली. तिच्या ताटात वाढलेली तिनं न खाता ठेवली होती, तिचे दोन तुकडे केले. गोपाळनं करंजी घेतली नाही. त्यानं मायचं लुगडं धरलं. आणि आत बाळ रडायला लागलं.

"मास्तरीणबाई!" आतून हाक आली.

माय म्हणाली, "आली जी." गोपाळनं मूठ सोडली नाही. बाळ रडतच होतं, परत हाक आली. मायनं त्याची बोटं एक एक करून सोडवली, लाडानं, जशी ती त्याच्या हातातून विळी काढून घ्यायची तशी, आणि आत गेली. गोपाळ रडला नाही. उघडलेली मूठ बघत उभा राहिला. मी त्याला घेऊन पुढं आले तर बाबूजी अजून व्हरांड्यात उभेच होते. बाजूला रिकामी खुर्ची होती. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. माझ्या बाबूजींना बसा म्हणायला किती श्वास लागला असता? आज सत्तरीच्या पुढं येऊनही मला त्या खुर्चीचा राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

परतताना बाबूजी मोटारीत एवढंच म्हणाले, "पोळ्याले येईल."

पोळा आला. माय आली नाही. आला तो बद्री, आणखी एक निरोप घेऊन. बाळ मास्तरीणबाईंशिवाय झोपत नाही, दिवाळीनंतर बघू. बद्री माणूस वाईट नव्हता. निरोप सांगताना तो आमच्या उंबऱ्याकडे बघत होता. सणाच्या दिवशी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं म्हणून भागरतानं त्याला पुरण वाढलं आणि तो रात्री गावातच राहिला. आम्ही दाराशी पळसाच्या फांद्या लावल्या, सगळं गाव लावतं तशा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नारबोद काढतात. नागपूरकडे तिला मारबत म्हणतात. दारातल्या त्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, सगळ्या गावानं मिळून शिवेबाहेर धावत जायचं आणि ओरडत फेकून द्यायच्या. जे नको असेल ते तिच्या हवाली करायचं. 'मच्छर घेऊन जा गे नारबोद! ढेकूण घेऊन जा गे नारबोद! खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद!' त्या सकाळी कुणी कुणाला चूप म्हणत नाही. म्हातारे आपलं दुखणं ओरडतात, शेतकरी धानावरचा करपा ओरडतो, सुना काय पुटपुटतात ते सासवांना ऐकू येऊ नये एवढ्या हळू. पोरांना तर ऊतच आलेला असतो.

मी आमच्या दारची फांदी घेऊन धावत होते. गोपाळ भागरताच्या कडेवर, बाबूजी मागून दुसरी फांदी धरून, सवयीप्रमाणे खाली बघत. पुढं पोरं मच्छर आणि ढेकूण ओरडत होती. मला एकदम वाटलं, मला मच्छर चावत नाहीत, ढेकूण चावत नाहीत, मला जे चावतंय ते मी का नाही सांगायचं? ठरवून वगैरे काही नाही. छातीतून जेवढा आवाज निघेल तेवढा काढून मी ओरडले, "डिप्टी साहेबाले घेऊन जा गे नारबोद!"

धावणारं गाव थांबलं. खरंच थांबलं. पाण्यानं भरलेल्या बांध्यांमधल्या बेडकांचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. मी बाबूजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. आणि मग भागरता, कडेवर गोपाळ घेतलेली, मान वर करून बाजारात मासे विकताना लावते तो आवाज लावून ओरडली, "हो गे माय! डिप्टी साहेबाले घेऊन जा गे नारबोद!"

त्यानंतर काय झालं ते लिहून दाखवता येण्यासारखं नाही. सगळं गाव तेच ओरडत सुटलं. ज्यांची पोरं शाळेत नव्हती तेही, ज्यांनी साहेबांना कधी पाहिलं नव्हतं तेही. बद्रीसुद्धा! पुरणपोळी खाऊन जड झालेला बद्री हसत हसत धावत होता आणि आपल्याच साहेबाला नारबोदच्या हवाली करत होता. शिवेवर सगळ्यांनी फांद्या फेकल्या. बाबूजी शेवटी पोचले. त्यांनी फांदी फेकली नाही, चिखलात हलकेच ठेवली, पुस्तक ठेवावं तशी. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण नारबोदला जे सांगतात ते ओठांवरून ओळखता येतं.

बद्रीच्या पोटात काही राहत नसे. त्यात दुष्टावा नव्हता. गंमत वाटली म्हणून गोरेगावच्या बाजारात त्यानं ती चहाच्या ठेल्यावर सांगितली, आणि बाजार उठायच्या आत ती गोंदियाला पोचली. साहेबांचा निरोप आला. मास्तरांनी मुलीला घेऊन यावं, मुलीनं माफी मागावी.

मोटारीत बाबूजी मला माफी शिकवत होते. "म्हण, साहेब, माझं चुकलं, क्षमा करा." मी म्हणायची. "परत म्हण." मी परत म्हणायची. मांडीवरचा गोपाळही म्हणायचा.  बाबूजींनी एकदा खिडकीबाहेर बघत, मला नव्हे, कुणालाच नव्हे, म्हटलं, "कायम होतो तर सगळं ठीक होते." मी मनाशी पक्कं केलं की म्हणायचं. बाबूजींसाठी म्हणायचं.

व्हरांड्यात साहेब होते, आणखी दोन मास्तर उभे होते, आणि खुर्ची तशीच रिकामी होती. साहेब हसून म्हणाले, "काय गं, एवढा मोठा आवाज आहे तुझा? माफी मोठ्यानं माग बरं. ह्यांनाही ऐकू दे." ते दोघे मास्तर जमिनीकडे बघायला लागले. बाबूजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तोंड उघडलं. साहेब, एवढा शब्द निघाला. त्याच्या पुढचं सगळं पाठ केलेलं कुठं गेलं देव जाणे. मी म्हणाले, "साहेब, आमची माय द्या."

दार उघडं होतं. बाळाला खांद्यावर थोपटत माय आतून आली, मागून बाईसाहेब. मायला काही माहीतच नव्हतं, तिला कोण सांगणार! तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काऊन वं, काय झालं? काय म्हनली तू?"

मी हळूच सांगितलं. नारबोदच्या वेळी काय ओरडले ते, आणि मग गाव काय ओरडलं ते.

माय हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सुटला तरी हसतच राहिली, बाळ खांद्यावर हलत होतं. त्या बंगल्यात गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत असावी, कारण बाईसाहेब तिच्याकडे बघतच राहिल्या. माझ्या कानांनी पुष्कळ गाणी ऐकली आहेत, पण त्या हसण्याची सर कशालाच आली नाही. हसणं ओसरलं तशी तिनं डोळे पुसले आणि बाईसाहेबांकडे वळली. "बाईसाहेब, लेकराले घ्या. आता त्याचं पोट मऊ आहे, शेक नाई लागत. झोपवताना पाठीवर थापटजा, डोक्यावर नोको. माये लेकरं आले मले नेवाले. मी जाऊन राहिली."

बाईसाहेबांनी बाळ घेतलं. त्या वयानं लहानच होत्या. आज विचार करते तर वाटतं, आई नसलेली मुलगी, तिला त्या घरात मायचाच आधार होता. साहेबांकडे न बघता त्या बाळासकट वाकल्या आणि त्यांनी मायच्या पायांना हात लावला. साहेबांचं हसणं पहिल्यांदा गेलं ते तेव्हा.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या कायम होण्याचा विचार केलात का?"

बाबूजी साहेबांपुढं नेहमी पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी नाही. "केला जी," ते म्हणाले, "लई दिवस केला." आणि त्यांनी मायचं गाठोडं आणायला मला आत पाठवलं.

शिक्षा व्हायची ती झाली. बाबूजींची बदली नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गोंडांच्या वस्तीत झाली. तिथं जायचं म्हटलं की मास्तर रजा टाकायचे. पावसात वाट बंद, संध्याकाळ झाली की वाघाची भीती, शाळा म्हणजे कुडाचं छप्पर. भागरता आम्हाला पोचवायला शिवेपर्यंत आली आणि साहेबाला अशा शिव्या दिल्या की बैल दचकले. गाडीत सगळ्यात वर ढेकी बांधलेली होती. मायनं भांडी कमी घेतली, पण ढेकी सोडली नाही.

आणि लोक ज्याला शिक्षा म्हणाले ते आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस ठरले. पहिल्या सकाळी मायनं ढेकीवर पाय दिला, मी धान सारायला बसले आणि तो आवाज निघाला. मी रडत होते, हात चालू होते, आणि माय माझ्याकडे न बघता पाय देत होती, नेहमीसारखी. वस्तीतल्या बाया आवाज ऐकून दारात आल्या. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. दुसऱ्या दिवसापासून दोघी-तिघी आपलं धान घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. बाबूजी पोरांकडून गोंडी शब्द शिकले आणि पोरं त्यांच्याकडून पाढे. ते मान वर करून चालायला लागले हे एके दिवशी माझ्या लक्षात आलं. चैतात मोहफुलांचा वास घरात भरायचा, पावसाळ्यात कोचईची पानं कुडाशीच उगवायची. माय वड्या करायची आणि बाबूजी पाटावर बसून पोटभर खायचे. कायम ते पुढं पुष्कळ वर्षांनी झाले, तो साहेब बदलून गेल्यावर.  गोपाळ एव्हाना मोठा झाला होता, तो म्हणाला, आला का पाहुणा, आणि आम्ही हसलो.

नारबोद आम्ही तिथंही काढायचो. आमचं ओरडणं गोपाळनं वस्तीतल्या पोरांना शिकवलं. त्यांनी डिप्टी साहेब पाहिलेला नव्हता, धानावर पडणारा एखादा किडा असावा असं समजून ती जीव तोडून ओरडायची, "डिप्टी साहेबाले घेऊन जा गे नारबोद!" बाबूजींना हसू आवरायचं नाही. मात्र माय दरवर्षी मागून हाक घालायची, "लेकरू सोडून, गे माय! लेकरू सोडून!"

मला त्याचा राग यायचा. त्या लेकरासाठी आमची माय गेली होती, आणि ती त्यालाच वाचवत होती. पण ती त्या बाळाला विसरली नाही. बद्री कधी गोरेगावच्या बाजारात भेटला तर आधी विचारायची, "चालाले लागला का? बोलते का?" मग, "शाळेत गेला का?" साहेब बदलून गेले, बद्री दिसेनासा झाला, विचारायला कोणी उरलं नाही. मग ती कधीतरी ढेकीवर पाय देता देता स्वतःशीच म्हणायची, आता तो एवढा झाला असंल. हातानं उंची दाखवायची. त्याला तिनं परत कधी पाहिलं नाही; त्या घरातली माणसं गोंदियाला परतली ती माय गेल्यावर. मी आई झाले तेव्हा मला तिचं ते हात वर करून दाखवणं कळलं, आणि माझा राग कुठं गेला ते मलाच समजलं नाही.

आता कुडव्याला नारबोद कुणी फारशी काढत नाही. मुलगा मात्र पोळ्याच्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन गोरेगावच्या रस्त्यावरून पळसाची फांदी आणून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाते. गुडघे धावू देत नाहीत. शेजारच्या पोरी मोबाइल काढून उभ्या राहतात. मी मच्छरांपासून सुरुवात करते आणि मग त्याचं नाव घेते, नातवंडं कितीही चांगली असली तरी घेते. आणि शेवटी, आवाज खाली आणून, तिच्यासारखं, "लेकरू सोडून."

मग थोडा वेळ तिथंच उभी राहते. नारबोद नुसती घेऊन जाते. घेऊन ये म्हणायची तिला रीत नाही, नाहीतर मी रोज तिथं जाऊन मायचं नाव घेतलं असतं.